डोळ्यांचा डॉक्टर निवडताना

(हैदराबाद येथील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते निवृत्त नेत्रशल्यचिकित्सक व मंडळाचे जुने सभासद आहेत.)



चिटणीसांनी मला सांगितले, "डॉक्टरसाहेब, डोळ्यांची निगा यावर बोला. गाजर, पालक, थंड पाण्याचे हबके, असं काहीतरी." मी म्हटले, गाजर-पालक खा म्हणून सांगणारे प्रत्येकाच्या घरी कोणीतरी असतेच, त्यासाठी मला माईकवर कशाला आणता? या शहरात मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर स्मशानातून परतताना विचारला गेला: "चांगला डोळ्यांचा डॉक्टर कोण हो?" आजवर मी हसून वेळ मारून नेत असे, कारण मीही त्याच धंद्यातला. हलवायाला विचारावे, पेढे कुठले चांगले! आता मी शस्त्रक्रिया करणे थांबवले आहे, तेव्हा मोकळेपणाने बोलतो. नाव मात्र कोणाचेच सांगणार नाही. कसा शोधायचा ते सांगतो.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. मोतीबिंदू आणि काचबिंदू. दोन्हींत "बिंदू" आहे, म्हणून आपल्या लोकांना ती सख्खी भावंडे वाटतात. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते काढून दुसरे बसवले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर हळूहळू मरते. बहुधा त्यात दुखत नाही, लाली नसते, समोरचे वाचताही येते. कडेची नजर गुपचूप कमी होत जाते आणि गेलेली नजर कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही. उरलेली तेवढी राखता येते. तेलुगूत हा घोळ नाही. मोतीबिंदूला ते "शुक्लम्" म्हणतात आणि काचबिंदूला "नीटि कासुलु". दोन्ही शब्द लक्षात ठेवा, इथल्या दवाखान्यात उपयोगी पडतील.

हा केवळ भाषेचा खेळ नाही. कारखान्यात पर्यवेक्षक असलेले एक गृहस्थ, नाव सांगत नाही, निवृत्तीनंतर दोन वर्षांत तीनदा चष्मा बदलून आले. प्रत्येक वेळी चष्म्याच्या दुकानात. दुकानदाराने यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, कागदावर नंबर आला, चष्मा झाला. मध्यंतरी गावी गेले असताना कोणा डॉक्टरांनी "काचबिंदू दिसतो आहे" असे सांगितले होते. घरच्यांनी ऐकले "बिंदू" आणि सल्ला दिला, "पिकू द्या, मग काढू." पिकण्याची वाट पाहण्यात दीड वर्ष गेले. स्कूटरवर असताना डावीकडून येणारी रिक्षा दिसली नाही तेव्हा ते माझ्याकडे आले. डाव्या डोळ्याची शीर बहुतांशी गेलेली होती. नांदेडला त्यांच्या थोरल्या भावाला हाच आजार होता आणि तो रोज थेंब घालत होता, पण हे एकमेकांना कोणी सांगितले नव्हते. सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल तर आपण न चुकता तपासून घ्यावे, कारण हा आजार घराण्यात चालतो. आता त्यांचा उजवा डोळा थेंबांवर टिकून आहे. अजून वर्तमानपत्र वाचतात, पण स्कूटर मात्र सोडली.

तेव्हा निवडीची पहिली पायरी म्हणजे कोण कोणते काम करतो हे ओळखणे. चष्म्याचे दुकान चष्मा विकते. त्यात काही गैर नाही, पण यंत्राने नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. ऑप्टोमेट्रिस्ट हा नंबर काढण्याचे शास्त्र शिकलेला तंत्रज्ञ असतो. चांगला ऑप्टोमेट्रिस्ट फार मोलाचा, आणि संशय आला की तो तुम्हाला डॉक्टरकडे पाठवतो. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर एम.एस., डी.ओ., डी.एन.बी. अशी या विषयाची पदवी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. एम्ससारख्या ठिकाणी हीच पदवी एम.डी. म्हणून मिळते, त्यामुळे पाटीवर एम.डी. वाचून गोंधळू नका. चिठ्ठीवर राज्य वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. त्याच्याही पुढे पडद्याचा, काचबिंदूचा, बुबुळाचा, लहान मुलांच्या तिरळेपणाचा असे वेगवेगळे विशेषज्ञ असतात. मधुमेहामुळे पडद्यावर रक्त उतरले असेल तर मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया केलेला हात तिथे पुरेसा नाही. पडद्याचाच माणूस लागतो.

तुम्हाला मात्र आधी एक नेहमीचा डॉक्टर हवा. घराजवळचा, तुमची जुनी फाइल ठेवणारा आणि वेळ आली की "हे माझे काम नाही, त्यांच्याकडे जा" असे सांगणारा. तो ओळखायची माझी साधी परीक्षा आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या पहिल्या तपासणीत त्याने डोळ्याचा दाब मोजला का? बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा आणि शीर पाहिली का? दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो, पण काही लोकांची शीर त्या मर्यादेतही खराब होते, म्हणून शीर पाहावीच लागते. या थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसते, म्हणून लोक ते टाळतात. "आज स्कूटरवर आलोय, नको." बसने या, नाहीतर मुलाला बरोबर आणा. मधुमेह असेल तर निदान झाले त्याच वर्षी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी हवीच, साखर कितीही आटोक्यात असो. आपल्या राज्यात २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली "कंटि वेलुगु" ही मोठी तपासणी मोहीम झाली. आपल्यापैकी अनेकांना तिथे चष्मे मिळाले. मोहीम चांगली होती, पण तिथला चष्मा मिळाला म्हणजे पडदा तपासून झाला असे समजू नका.

आता माझ्या मनातला खरा विषय. आपल्या घरांत शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास येते: "आईचं ऑपरेशन पुण्यालाच करू." मावशी आहे, आपली भाषा आहे, शिवाय त्यांच्या ओळखीतले डॉक्टर. मला गंमत वाटते ती अशी की बाह्यरुग्ण विभागात माझ्यासमोर नांदेड, लातूर, परभणीहून आलेली माणसे बसलेली असत, आणि आपण हैदराबादकर उलट दिशेने निघालेले! या शहराला डोळ्यांच्या बाबतीत कमी लेखण्याचे कारण नाही. मेहदीपट्टणमचे सरोजिनी देवी हे सरकारी नेत्र रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पाहत आले आहे. १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आहे. ज्यांनी "एक दूजे के लिए" काढला, त्याच निर्मात्यांच्या नावाची ही संस्था. पैसे देणारा आणि न देणारा, दोघेही रुग्ण तिथे येतात. दक्षिणेत आपल्या आवाक्यात चेन्नईचे शंकर नेत्रालय १९७८ चे आणि मदुराईचे अरविंद १९७६ चे.

अरविंदचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अकरा खाटांवर कामाला लागले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झालेली होती. त्या बोटांनी त्यांनी हजारो डोळे उघडले. दवाखान्याचा संगमरवर आणि डॉक्टरचा सूट पाहून निवड करणाऱ्यांनी ही बोटे आठवावीत.

पुण्यात चांगले डॉक्टर नाहीत असे मी म्हणत नाही, भरपूर आहेत. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे टेबलावरची पंधरा-वीस मिनिटे नव्हेत. दुसऱ्या दिवशी तपासणी, आठवड्याने तपासणी, महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर, आणि तोवर वेळापत्रकाने थेंब. दहाव्या दिवशी डोळा दुखू लागला, लाल झाला, दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी दाखवावे लागते. हा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांचा हिशेब असतो. आई आठव्या दिवशी हैदराबादला परत आलेली, डॉक्टर पुण्याला, फाइल मावशीकडे. मग फोनवर फोन, आणि इथला डॉक्टर बिचारा दुसऱ्याने केलेला डोळा अंदाजाने पाहतो. म्हणून पुढचे दोन महिने रुग्ण जिथे राहणार, तिथे शस्त्रक्रिया करावी. आई मावशीकडेच दोन महिने राहणार असेल तर खुशाल पुण्याला करा.

भाषेची अडचण खरी आहे, मान्य. अनेक शस्त्रक्रिया आता थेंबांच्या भुलीवर होतात, रुग्ण जागा असतो आणि डॉक्टर त्याच्याशी बोलत असतात. हैदराबादेत बहुतेक जण हिंदी बोलतात, पण गावाहून आलेल्या आजीला तेही झेपत नाही आणि मग ती घाबरून डोके हलवते. आदल्या दिवशी घरी तिच्याकडून तालीम करून घ्या. "पैकी चूडंडी" म्हणजे वर बघा, "किंदिकी चूडंडी" म्हणजे खाली बघा, "कदलवद्दु" म्हणजे हलू नका. तीन वाक्ये आहेत. एका आजींना नातवाने ती इतकी पक्की करून दिली होती की शस्त्रक्रिया संपल्यावर त्यांनीच परिचारिकेला "पैकी चूडंडी" म्हणून दाखवले.

शस्त्रक्रिया कधी करायची हा प्रश्न उरतोच. "पिकू द्या" हा सल्ला ज्या काळात बरोबर होता, तो काळ संपला. पूर्वी भिंग आख्खे काढत आणि त्याजागी काही बसवत नसत. मग अधिक दहा नंबरचा जाड चष्मा लागे. आपल्या आजोबांचे त्या काचांमागचे मोठाले डोळे आठवत असतील. डोळ्यातच भिंग बसवण्याची कल्पना हॅरोल्ड रिडली यांची. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे कण गेले, तरी डोळा त्यांना त्रास देत नाही हे त्यांनी पाहिले, आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याच प्रकारच्या प्लास्टिकचे भिंग बसवून पाहिले. पुढे १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने अशी भिंगे स्वस्तात बनवली आणि ती गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोहोचली. आता मोतीबिंदू फार पिकू दिला तर उलट तो कठीण होतो, कधी डोळ्याचा दाबही वाढवतो. दुसऱ्या टोकाला, तुम्हाला काही अडचण नसताना "मोतीबिंदूची सुरुवात आहे, पुढच्या आठवड्यातच काढून टाकू" म्हणणाऱ्याकडे थोडे जपून पाहा. वाचता येत नाही, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने दिपते, तांदळातला खडा दिसत नाही, अशी तुमची अडचण असेल तर वेळ झाली. "अजून सहा महिने थांबू" म्हणणारा डॉक्टर स्वतःचे उत्पन्न सहा महिने पुढे ढकलतो आहे, एवढे लक्षात घ्या.

"लेसरने करतात ना?" हा पुढचा प्रश्न. ज्याला लोक लेसर म्हणतात ते बहुधा फेको असते, आणि त्यात लेसर नसून ध्वनिलहरी असतात. अमेरिकेत चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणारे यंत्र पाहून ते सुचले आणि १९६७ साली त्यांनी ते प्रथम वापरले. खरे लेसर यंत्र अलीकडे निघाले आहे, पण शस्त्रक्रियेचे काही टप्पेच ते करते, आणि मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत अंतिम नजरेत साध्या फेकोपेक्षा फारसा फरक दिसलेला नाही. बिल मात्र चांगलेच वाढते. फार कडक मोतीबिंदूला बिनटाक्याची हाताने करायची छोट्या छेदाची शस्त्रक्रियाही उत्तम होते, तिला "जुनी पद्धत" म्हणून नाक मुरडू नका.

यंत्राच्या जाहिरातीपेक्षा मी विचारीन ते मोजमापाबद्दल. सरासरी डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, आणि मापात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीचने चुकतो. माप काळजीने, शंका आली तर दोनदा, घेतात का हे विचारा. आणि भिंग कोणते? सरळ एका अंतराचे भिंग बसवले की लांबचे स्वच्छ दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. बहुतेकांचे त्यावर छान चालते. आडवा नंबर असेल तर टॉरिक. अनेक अंतरांच्या महागड्या भिंगाने चष्मा सुटू शकतो, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असलेल्याला ते बहुधा देऊ नये. तुम्ही रात्री गाडी चालवता का, शिवणकाम करता का, पडदा कसा आहे, यातले काहीही न विचारता थेट भिंगांचा दरफलक पुढे सरकवला, तर ते दुकान समजा. शस्त्रक्रिया झाल्यावर भिंगाच्या डबीवरचे स्टिकर मागून फाइलमध्ये चिकटवा. पुढे कधी गरज पडली तर त्यावर सगळी माहिती असते.

आणखी दोन प्रश्न बेधडक विचारा, डॉक्टर रागावणार नाही, रागावला तर दुसरा शोधा. शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार? शिकवण्याच्या रुग्णालयात ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शिकणारेही करतात आणि चांगली करतात, पण तुम्हाला माहीत असावे. आणि काही गुंतागुंत झाली, भिंगाचा तुकडा मागे पडद्याकडे गेला, तर सोय काय? पडद्याचा तज्ज्ञ तिथेच आहे की पाठवणार? रात्री अडचण आली तर फोन कोण उचलणार? आपणही काही लपवू नये. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी घेणाऱ्यांनी ती आधी सांगितलीच पाहिजे, कारण तिने बाहुली शस्त्रक्रियेत ढिली पडते आणि डॉक्टरला तयारी ठेवावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात. चष्मा घालवण्याची लेसिक शस्त्रक्रिया चांगली आहे, पण सर्वांसाठी नाही. वय अठराच्या वर, नंबर किमान वर्षभर स्थिर, बुबुळाची जाडी पुरेशी आणि आकार निकोप असावा लागतो. त्यासाठी बुबुळाचा नकाशा काढतात, आणि कॉन्टॅक्ट लेन्स त्याआधी काही दिवस बंद ठेवायची असते. शनिवारी तपासणी, रविवारी शस्त्रक्रिया, सोमवारी कंपनीत हजर, अशा सवलतीच्या योजनेपेक्षा "तुमच्या बुबुळाला हे मानवणार नाही" म्हणणारा डॉक्टर बरा. लेसिक केली तरी चाळिशीत वाचायचा चष्मा येणारच. आणि लेसिकच्या आधीचे कागद जन्मभर जपा. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा भिंगाचे गणित करायला ते लागतील.

श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न

कंपनीच्या पॅनेलवरचे रुग्णालय घ्यावे की बाहेर जावे?
पॅनेलवर आहे म्हणून वाईट नाही आणि म्हणून चांगलेही नाही. पॅनेलवरच्या यादीतच वर सांगितलेले प्रश्न विचारून निवड करा. मंजुरीपत्रात भिंगाची किती रक्कम धरली आहे हे आधी लेखी घ्या, म्हणजे टेबलावर चढायच्या वेळी घासाघीस होत नाही.

डोळे आले तर औषधाच्या दुकानातून थेंब आणले तर चालतील का?
नाही. त्यातल्या काही थेंबांत स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस महिनोन्‌महिने तीच बाटली आणत राहतो, आणि त्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा.

मला डोळ्यांसमोर काळे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे काही तरंगताना दिसते. सुनेच्या म्हणण्याप्रमाणे हे वयाचे आहे.
वर्षानुवर्षे तेवढेच असतील तर बहुधा सूनबाईंचे बरोबर आहे, तरी एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. पण ठिपके अचानक वाढले, अंधारात वीज चमकल्यासारखे दिसू लागले, किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आला, तर पडदा फाटत असेल किंवा सुटत असेल. तसे झाले तर त्याच दिवशी, रात्र असेल तर तातडीच्या विभागात जा. दहा दिवसांच्या धावपळीत आपण असतो म्हणून मुद्दाम सांगतो, विसर्जन झाल्यावर बघू असे म्हणू नका.